आधी कळस, मग पाया

वेरूळला जाणारे बहुतेक प्रवासी कैलास लेणे खालूनच पाहतात. दारातून आत शिरावे, नंदीमंडपाला वळसा घालावा, पाठीवर मंदिर तोलून धरणाऱ्या हत्तींच्या रांगेपुढे उभे राहून मान वर करावी, आणि "केवढे हे प्रचंड काम!" असे म्हणून बाहेर पडावे, असा साधारण क्रम असतो. आमचे श्रोत्यांना सांगणे असे की, पुढल्या खेपेस थोडे श्रम घ्यावेत आणि लेण्याच्या बाजूने डोंगरावर चढून वरून खाली पाहावे. मंडपाच्या छतावर कोरलेले ते मोठे कमळ आणि त्याभोवतीचे चार सिंह वरूनच नीट दिसतात. शिखर आपल्या पायांच्या पातळीखाली उभे असते. भोवती तिन्ही अंगांनी उभा कापलेला कडा असतो. खालून पाहणाऱ्याला मंदिर दिसते, वरून पाहणाऱ्याला काम दिसते.

आणि काम दिसू लागले की एक साधा प्रश्न मनात येतो. हे लेणे कोणी केले, कोणत्या राजाने केले, हे प्रश्न पंडितांनी पुष्कळ चर्चिले आहेत. आमचा प्रश्न मुकादमाचा आहे. डोंगर फोडणाऱ्या शेकडो माणसांना, त्यांच्यावर देखरेख करणाऱ्या स्थपतीला, आणि ज्याच्या खजिन्यातून पैसा जात होता त्या राजाला, काम किती झाले आणि किती उरले हे समजत होते कसे? आज या प्रश्नाला संगणकाने एक नवे उत्तर दिले आहे. जे अजून बांधले नाही ते पडद्यावरच्या आभासी सृष्टीत आधी उभे करावयाचे, आणि प्रत्यक्ष काम जसजसे पुढे जाईल तसतसे तेथे भरत न्यावयाचे, ही ती युक्ती. युक्ती नवी असली तरी गरज फार जुनी आहे. तिची मराठीतली एक सुंदर कथा वेरूळचीच आहे.

कृष्ण याज्ञवल्की याच्या 'कथाकल्पतरु' या जुन्या मराठी ग्रंथात ती आली आहे. आलजपूरचा राजा असाध्य रोगाने पीडलेला होता. त्याची राणी माणिकावती हिने घृष्णेश्वराला नवस केला की, राजा बरा झाला तर शंकराचे देऊळ बांधीन. म्हैसमाळच्या तळ्यात स्नान केल्यावर राजा बरा झाला. मग राणीने हट्ट धरला की देवळाचे काम ताबडतोब सुरू व्हावे, आणि शिखर डोळ्यांनी दिसेपर्यंत मी अन्न घेणार नाही. राजाने स्थपती बोलाविले, पण इतक्या थोड्या दिवसांत शिखर दाखविण्याची हमी कोणी देईना. पाया खणावयाचा, जोते भरावयाचे, भिंती उचलावयाच्या, आणि मग कळस. तोवर राणी जगायची कशी? तेव्हा पैठणचा कोकस नावाचा कारागीर पुढे आला. त्याने सांगितले, एका आठवड्यात शिखर दाखवितो. त्याने डोंगराच्या माथ्यावरून खाली कोरावयास सुरुवात केली आणि बोलल्याप्रमाणे शिखर दाखविले. राणीने उपवास सोडला. देवळाला तिच्या नावावरून माणिकेश्वर हे नाव पडले.

ही कथा आहे, इतिहास नव्हे, हे आम्ही जाणून आहोत. इतिहास कैलास लेण्याचे श्रेय राष्ट्रकूट राजा पहिला कृष्ण याला देतो. त्याचा काळ इसवी सनाच्या आठव्या शतकाच्या तिसऱ्या चरणाच्या आगेमागे, साधारण ७५६ ते ७७३ असा धरतात. गुजरातेतील राष्ट्रकूट शाखेचा कर्क सुवर्णवर्ष याच्या बडोद्याच्या ताम्रपटात, शके ७३४ म्हणजे इ. स. ८१२-१३ मध्ये, एलापूरच्या डोंगरावर कृष्णराजाने करविलेल्या या मंदिराचे वर्णन आहे. विमानातून जाणाऱ्या देवांनाही ते पाहून विस्मय वाटला, हे माणसाचे काम नसून स्वयंभू शिवधाम असावे असे त्यांना वाटले, आणि ते घडविणारा कारागीरही "आपल्या हातून हे झाले तरी कसे!" असे म्हणू लागला, असा त्याचा आशय आहे. सारे काम एकाच राजाच्या हयातीत झाले की पुढेही चालत राहिले, याविषयी मतभेद आहेत. जर्मन पंडित हेर्मान गोएट्झ यांनी ते अनेक राजवटींत विभागले. आपल्याकडील पुरातत्त्वज्ञ म. के. ढवळीकर यांनी मुख्य मंदिराचे बहुतेक श्रेय कृष्णालाच दिले. परंतु कथाकाराने कामाच्या पद्धतीविषयी जे सांगितले त्यात मात्र शंका घ्यावयास जागा नाही. कैलास माथ्यावरून पायाकडे कोरला गेला. आपल्याकडे 'आधी कळस, मग पाया' असे उफराट्या कामाला हिणवून म्हणतात, पण येथे तोच सरळ मार्ग होता.

आता त्या पद्धतीकडे नीट पाहू. प्रथम डोंगराच्या उतारात तीन मोठे चर खोदले गेले, दोन बाजूंना आणि एक मागे. त्यामुळे मध्ये दगडाचा एक अखंड ठोकळा सुटा झाला. आज दिसणारे प्रांगण सुमारे २७६ फूट लांब आणि १५४ फूट रुंद आहे, आणि मागचा कडा १०७ फुटांच्या जवळपास उंच आहे. या पोकळीतून दोन लाख टनांच्या आगेमागे दगड निघाला असा अंदाज पुष्कळदा दिला जातो. काही जण याच्या दुप्पट सांगतात. मधल्या ठोकळ्यावर वरून काम सुरू झाले. ज्या पातळीवर कारागीर उभा असे, तीच त्याची परात आणि तीच त्याची पहाड. बांधकामात उंची वाढते तशी पहाडही वाढवावी लागते. येथे जमीनच खाली खाली जात होती.

या पद्धतीचा हिशेबाच्या दृष्टीने मोठा गुण असा की, झालेले काम आणि राहिलेले काम यांच्यामधली रेघ कोणालाही दिसत होती. रेघेच्या वर मंदिर, रेघेच्या खाली डोंगर. कड्यावर उभा राहिलेला राजाचा अधिकारी शिल्पशास्त्र जाणत नसला तरी त्याला इतके कळले असते की, गेल्या पावसाळ्यानंतर रेघ किती हात खाली उतरली. खोटा अहवाल देण्याची सोयच नव्हती. डोंगर हाच नकाशा, डोंगर हाच साठा आणि डोंगर हीच हजेरीवही.

परंतु याच गुणाची दुसरी बाजू भयंकर होती. चुकलेला दगड परत लावता येत नाही. भिंत वाकडी गेली तर गवंडी ती उतरवून पुन्हा रचतो; खांबासाठी राखावयाचा दगड एकदा उडाला की तो गेला. तेव्हा शिखरावर पहिली छिन्नी बसण्यापूर्वी, शंभर फूट खाली हत्तींच्या पाठी कोठे येणार, हे कोणाच्या तरी मनात पक्के असले पाहिजे. हे मनातले मंदिर कोठून आले?

त्याचे उत्तर शोधण्यासाठी वेरूळ सोडून कर्नाटकात जावे लागते. राष्ट्रकूटांच्या आधी दक्षिणेत बदामीच्या चालुक्यांचे राज्य होते. त्यांचा राजा दुसरा विक्रमादित्य याची राणी लोकमहादेवी हिने आठव्या शतकाच्या पूर्वार्धात पट्टदकल येथे जे शिवालय बांधविले, तेच आजचे विरूपाक्ष मंदिर. नंदीमंडप, मुख्य मंडप, विमान यांची त्यातली मांडणी आणि कैलासाची मांडणी यांत इतके साम्य आहे की, वेरूळच्या स्थपतींसमोर ते मंदिर होते असे अभ्यासक मानतात. विरूपाक्षाचे नाते पुन्हा कांचीच्या कैलासनाथाशी जोडले जाते. म्हणजे दगडावर दगड रचून उभे केलेले एक देऊळ वेरूळच्या मंडळींनी आधी पाहिले, त्यातून फिरले, त्याची मापे मनात घेतली, आणि मग तेच कल्पनेने डोंगराच्या पोटात बसविले. आजच्या भाषेत बोलावयाचे तर हीच त्यांची आभासी सृष्टी. ती पडद्यावर नव्हती. स्थपतीच्या डोक्यात आणि सूत्रधाराच्या दोरीत होती.

सर्वच कामे मात्र कैलासासारखी तडीस गेली नाहीत, आणि अपुरी राहिलेली कामे इतिहासाच्या अभ्यासकाला अधिक शिकवितात. वेरूळच्या चौतीस लेण्यांपैकी जैन गटातले तिसावे लेणे 'छोटा कैलास' म्हणून ओळखले जाते. कैलासाचाच लहान नमुना करावा असा बेत दिसतो, पण काम मध्येच थांबले. तिकडे अजिंठ्याला चोविसावे लेणे असेच अपुरे आहे. पुरे झाले असते तर ते तेथील सर्वांत मोठ्या विहारांत गणले गेले असते. त्यात काही भाग घडवून तयार, काही नुसता ओबडधोबड सोडलेला, आणि काही ठिकाणी तर छिन्नीचे चर जसेच्या तसे दिसतात. विद्या दहेजिया आणि पाषाणशिल्पी पीटर रॉकवेल यांनी अशा अपुऱ्या कामांचा मुद्दाम अभ्यास करून कारागिरांच्या कामाचा क्रम वाचण्याचा प्रयत्न केला. कोणी पुढे गेला, कोणी मागे राहिला, कोठे एक टोळी मूर्ती घासून गुळगुळीत करीत असताना शेजारी दुसरी टोळी दगडच फोडीत होती, हे सारे त्या भिंतींवर आहे. बाराशे-पंधराशे वर्षांपूर्वीचा कामाचा अहवाल आजही कोणीही जाऊन तपासावा, इतका तो खरा आहे.

पुढे काळ बदलला तसे काम डोळ्यांपुढे आणण्याचे साधनही बदलले. दगड जागचा हलत नाही, पण चित्र हलते. अठराव्या शतकाच्या अखेरीस पुण्यात पेशव्यांच्या दरबारी इंग्रजांचा वकील चार्ल्स मॅलेट होता. त्याच्या आश्रयाने जेम्स वेल्स या चित्रकाराने आणि त्याच्या हाताखाली तयार झालेल्या गंगाराम चिंतामण तांबट या आपल्या मराठी चित्रकाराने वेरूळची चित्रे काढली. वेल्सच्या चित्रांवरून टॉमस डॅनियलने कोरलेल्या चोवीस पाट्यांचा संग्रह १८०३ साली लंडनला प्रसिद्ध झाला. ज्याने दख्खन कधी पाहिली नाही असा मनुष्य लंडनच्या खोलीत बसून कैलासाच्या प्रांगणात फिरू लागला. ही सोय मोठी. पण कागदावरचे वेरूळ प्रत्यक्ष वेरूळशी जुळते की नाही, हे तपासावयास तो मनुष्य असमर्थ होता. पाहणारा आणि काम यांच्यात अंतर पडले की विश्वासाचा प्रश्न आलाच.

विसाव्या शतकात हे अंतर वाढतच गेले. धरणे, रेल्वे, कारखाने अशी कामे इतकी पसरली की कोणत्याही एका कड्यावरून ती दिसेनात. म्हणून साधने निघाली. अमेरिकन अभियंता हेन्री गँट याने आडव्या पट्ट्यांचे तक्ते रूढ केले. पट्टी जेवढी भरली तेवढे काम झाले. आपल्याकडे १९१६ साली सुरू झालेले, खडकवासल्याचे म्हणून ओळखले जाणारे संशोधन केंद्र पुढे नद्या, धरणे, बंदरे यांच्या छोट्या प्रतिकृती करून त्यांत खरे पाणी सोडून पाहू लागले. बांधण्यापूर्वी चूक सापडावी, हा त्यामागचा हेतू. कैलासाच्या स्थपतीला जी सवलत नव्हती ती येथे मिळाली. प्रतिकृती बिघडली तर पुन्हा करता येते.

खडकवासल्याचे नाव निघाले की पुणेकरांना दुसरी गोष्ट आठवल्यावाचून राहत नाही, आणि ती या विषयाच्या अगदी गाभ्याची आहे. १२ जुलै १९६१ रोजी पानशेतचे मातीचे धरण फुटले. पाण्याच्या लोंढ्याने खालचे खडकवासल्याचे जुने धरणही फुटले, आणि भर दिवसा पुण्याच्या नदीकाठच्या पेठा पाण्याखाली गेल्या. धरणाचे काम पुरे संपले नव्हते. पाणी बाहेर सोडणाऱ्या नळाचे काम अपुरे असताना पावसाळ्याचे पाणी धरणात साठले, आणि त्या नळावरचा मातीचा भराव खचत गेला. आदल्या दिवशी आणि रात्री जवानांनी माथ्यावर वाळूची पोती रचून ते काही तास सावरून धरले म्हणून अधिक प्राणहानी टळली.

या दोन कामांची तुलना करून पाहावी. दोन्हीकडे माथा डोळ्यांना दिसत होता. कैलासात दिसणाऱ्या माथ्याखाली न फोडलेला, भक्कम डोंगर होता. राहिलेले काम धोक्याचे नव्हते, ते नुसते राहिलेले होते. पानशेतला माथ्याखाली, मातीच्या पोटात, अपुरा नळ होता. लांबून पाहणाऱ्याला भिंत उभी दिसत होती, पण राहिलेले काम डोळ्याआड होते. कोकसाने कळस दाखविला तो करून दाखविला होता. जेथे दिसणारे झाले आणि न दिसणारे राहिले, तेथे काम आणि देखावा यांची फारकत होते. करून दाखविणे आणि दाखविण्यापुरते करणे यांतले अंतर मराठी माणसाला भाषेनेच शिकविले आहे. अनुभवाने मात्र ते फार महाग पडते.

आता आजच्या साधनाकडे येऊ. नागपूरच्या मेट्रो रेल्वेचे काम महामेट्रोने करताना 'बिम' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या पद्धतीचा आश्रय घेतला. तिला पाच परिमाणांची म्हणतात. लांबी, रुंदी, उंची ही तीन आपल्या परिचयाची; चौथे काळ आणि पाचवे पैसा. प्रत्येक खांब, प्रत्येक तुळई, प्रत्येक स्थानक संगणकात आधी उभे केले जाते. ते केव्हा पुरे व्हावयाचे आणि त्याला किती खर्च यावयाचा हे त्या त्या भागालाच चिकटविलेले असते. अमुक तारखेला काम कोठवर यावयास हवे होते आणि प्रत्यक्षात कोठवर आले, हे निरनिराळ्या रंगांनी एकाच चित्रात दाखविता येते. पाण्याची नळी तुळईतून जाते आहे अशी चूक असेल तर ती काँक्रीट ओतण्यापूर्वीच पडद्यावर उघड होते. अशा सृष्टीत डोळ्यांवर विशेष चष्मा चढवून, अजून न बांधलेल्या जिन्यावरून चालूनही पाहता येते. खापरी ते सीताबर्डी हा नागपूर मेट्रोचा पहिला मोठा भाग ७ मार्च २०१९ रोजी सुरू झाला आणि पहिला टप्पा ११ डिसेंबर २०२२ रोजी पुरा होऊन लोकांसाठी खुला झाला.

या साधनाचे मोल आम्ही कमी लेखीत नाही. कैलासाच्या स्थपतीची सर्वांत मोठी अडचण, म्हणजे चूक परत घेता न येणे, ही त्याने दूर केली. गँटच्या पट्टीत जे नुसते आकड्यांनी कळत होते ते डोळ्यांनी दिसू लागले, आणि पानशेतला जो नळ मातीच्या पोटात झाकला होता तसा नळही या चित्रात मातीचा पडदा दूर सारून पाहता येतो. हे लहानसहान लाभ नव्हेत.

परंतु एक भेद ध्यानात ठेवला पाहिजे. वेरूळच्या डोंगरात रेघेच्या वर जे होते ते झालेलेच होते. संगणकाच्या सृष्टीत न झालेले कामही झाल्यासारखे, किंबहुना झालेल्याहून देखणे दिसते. तेथे कळस पहिल्याच दिवशी दाखविता येतो. आठवडाभर थांबण्याचेही कारण नाही. म्हणून त्या चित्राची किंमत त्याच्या रंगावर नसून, त्यात माहिती कोण भरतो, किती दिवसांनी भरतो, आणि जागेवर जाऊन मोजून भरतो की कचेरीत बसून अंदाजाने, यावर आहे. मोजणीसाठी आता उडत्या यंत्रांनी घेतलेली छायाचित्रे आणि लेसर किरणांची उपकरणे निघाली आहेत. ती चित्र आणि जमीन यांची गाठ घालतात. ही गाठ सुटली तर पाच परिमाणांची सृष्टी ही पाचपट मोठी फसवणूक होऊ शकेल.

आणि हा प्रश्न केवळ अभियंत्यांचा नाही. आपल्या गावाचा पूल, पाण्याची योजना, सांडपाण्याची नळे, रुग्णालय, यांची चित्रे आपण फलकांवर पाहतो. चित्रात झाडे हिरवीगार असतात आणि रस्त्यावर एक खड्डा नसतो. नागरिक ते पाहून माणिकावतीप्रमाणे समाधान पावतो आणि उपवास सोडतो. पण राणीने चित्र पाहून उपवास सोडला नव्हता, हे आपण विसरतो. तिने दगडाचे शिखर मागितले होते, आणि तिला तेच दाखविले गेले. तिच्या हट्टामुळे कारागिराला काम करण्याची नवी रीत शोधावी लागली, असे कथाकार सांगतो. पाहणाऱ्याने खरे पाहण्याचा आग्रह धरला तर करणाऱ्याचे कामही सुधारते, हे या कथेचे मर्म आम्हाला वाटते. चांगले चित्र दाखविले तर आनंदाने पाहावे. मग शांतपणे विचारावे, की कळस दिसला, आता नळ दाखवा.

वेरूळच्या त्या वरच्या कड्यावर उभे राहिले असता आणखी एक गोष्ट दिसते. कैलासाच्या दक्षिणेच्या अंगाला मंडपापासून कड्यातल्या दालनाकडे जाणारा एक दगडी पूल होता. तो केव्हाच पडला आहे. मंदिरावर एके काळी पांढरा गिलावा आणि रंग होता, त्यामुळे लोक त्याला 'रंगमहाल' म्हणत. तो रंगही बहुतेक गेला. छोट्या कैलासात अपुरे ते अपुरेच आहे. यांतले काहीही झाकलेले नाही. जे झाले ते, जे राहिले ते आणि जे पडले ते, तिन्ही एकाच उन्हात समोर उभे आहे. आपल्या नव्या सृष्टींकडूनही इतकीच अपेक्षा ठेवावी.